फ्रेडी मर्क्युरीचे लाइव्ह अल्बम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या मैफलींची जी ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत, त्यांतले सरस कोणते यावर त्याच्या चाहत्यांचे एकमत झाल्याचे मी कधी पाहिलेले नाही. कोणी वेम्बलीचे नाव घेतो, कोणी माँट्रियलचे, तर जुने श्रोते ‘लाइव्ह किलर्स’ सोडायला तयार नसतात. फ्रेडीसह क्वीनचा कार्यक्रम भारतात कधी झाला नाही. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांसाठी ही ध्वनिमुद्रणे हीच त्याची मैफल आहे, आणि ती कोणत्या रात्रीची, कोणत्या अवस्थेतल्या गळ्याची आणि कोणी कशी कापून-जोडून आपल्यापर्यंत आणलेली, हे समजून घेणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. नव्याने ऐकू लागलेले आणि वर्षानुवर्षे ऐकणारे असे दोन्ही प्रकारचे श्रोते जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. मते माझी आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत.

प्रश्न: फ्रेडी गायक असताना झालेल्या मैफलींचे अधिकृत अल्बम कोणते?

मुख्य अल्बम आठ आहेत. ‘लाइव्ह किलर्स’ १९७९ मध्ये आणि ‘लाइव्ह मॅजिक’ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रेडीच्या हयातीत बाहेर आलेले लाइव्ह अल्बम एवढे दोनच. बाकीचे सगळे २४ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याचे निधन झाल्यानंतरचे आहेत: १९९२ चा ‘लाइव्ह ॲट वेम्बली ’८६’, २००४ चा ‘क्वीन ऑन फायर: लाइव्ह ॲट द बोल’, २००७ चा ‘क्वीन रॉक माँट्रियल’, २०१२ चा बुडापेस्टच्या मैफलीचा ‘हंगेरियन ऱ्हॅप्सडी’, २०१४ चा ‘लाइव्ह ॲट द रेनबो ’७४’ आणि २०१५ चा ‘अ नाइट ॲट द ओडियन’. याशिवाय बीबीसी रेडिओवरच्या गाण्यांचा ‘ऑन एअर’ हा २०१६ चा संच आहे. पण त्यातले मुख्य भाग श्रोत्यांसमोर नव्हे, तर बीबीसीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेले असल्याने मी तो या तुलनेत धरत नाही.

प्रश्न: हे अल्बम प्रसिद्धीच्या क्रमाने ऐकावेत की मैफलींच्या क्रमाने?

मैफलींच्या क्रमाने. वरची यादी पुन्हा एकदा पाहिली, तर सर्वांत जुन्या मैफली सर्वांत शेवटी बाहेर आल्याचे दिसेल. १९७४ चा रेनबो थिएटरमधला कार्यक्रम चाळीस वर्षांनी अल्बम होऊन आला. त्यामुळे प्रसिद्धीच्या क्रमाने ऐकणाऱ्याला ३९ वर्षांचा, स्टेडियम सहज कवेत घेणारा फ्रेडी आधी भेटतो आणि २७ वर्षांचा, गळ्याची कसलीही काळजी न करणारा फ्रेडी शेवटी. या उलट्या क्रमामुळे बरेच गैरसमज होतात. रेनबो (१९७४), ओडियन (१९७५), ‘लाइव्ह किलर्स’ (१९७९), माँट्रियल (१९८१), बोल (१९८२), वेम्बली आणि बुडापेस्ट (दोन्ही १९८६) असा क्रम लावला, म्हणजे आवाज कसा भरत गेला, कोठे खडबडीत झाला आणि गाण्यांच्या मांडणीत कोणते बदल झाले, हे आपोआप ऐकू येते.

प्रश्न: एकही लाइव्ह अल्बम न ऐकलेल्या माणसाने सुरुवात कोठून करावी?

‘क्वीन रॉक माँट्रियल’पासून. मैफलींच्या क्रमाने ऐकण्याचा सल्ला वर दिला आहे तो सगळे अल्बम ऐकायला बसणाऱ्यासाठी. एकच अल्बम ऐकायचा असेल, तर मात्र उत्तर निःसंशय माँट्रियल हे आहे.

प्रश्न: माँट्रियलच्या ध्वनिमुद्रणाला एवढे महत्त्व का दिले जाते?

यामागे तीन-चार गोष्टी आहेत आणि त्या एकाच ठिकाणी जुळून आलेल्या अन्यत्र आढळत नाहीत. पहिली गोष्ट म्हणजे ही मैफल चित्रीकरणासाठीच ठेवलेली होती. १९८१ च्या नोव्हेंबरात २४ आणि २५ तारखेला माँट्रियलच्या फोरम या बंदिस्त सभागृहात क्वीनने लागोपाठ दोन रात्री गाऊन घेतले आणि दिग्दर्शक सॉल स्विमर याने ते ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर टिपले. त्यामुळे ध्वनिमुद्रणाची तयारी नेहमीच्या दौऱ्यातल्या कार्यक्रमापेक्षा अधिक काटेकोर होती. दुसरी गोष्ट, रंगमंचावर केवळ चौघे आहेत. पुढच्या काळात क्वीन दौऱ्यावर जादा कीबोर्डवादक घेऊ लागली. १९८२ च्या युरोप दौऱ्यात मॉर्गन फिशर होता आणि १९८४ पासून स्पाइक एडनी. माँट्रियलमध्ये तशी कोणाची साथ नाही. फ्रेडी पियानोवरून उठला की पियानो थांबतो, आणि गिटार, बेस व ड्रम यांच्या बळावर गाणे पुढे जाते. या मोकळ्या जागेमुळे त्याचा आवाज फार जवळून ऐकू येतो.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या दिवसांतला गळा. ‘समबडी टू लव्ह’ ऐकावे. सुरुवातीच्या ओळी तो पियानोवर बसून, जवळजवळ गुणगुणल्यासारख्या, लय हवी तशी ताणत घेतो आणि गाणे तापत जाते तसा आवाजाला पीळ देत वर नेतो. पण वर गेल्यावरही आवाज फाटत नाही. हे गाणे ‘लाइव्ह किलर्स’वर नाही आणि वेम्बलीच्या कार्यक्रमातही नव्हते, म्हणून माँट्रियल आणि बोल या दोनच अल्बमांवर त्याची तुलना करता येते. दोन्ही ऐकल्यावर माझा कौल माँट्रियललाच आहे. ‘अंडर प्रेशर’ हे गाणे तर त्या वेळी जेमतेम महिन्याभरापूर्वी बाजारात आले होते. अजून अंगवळणी न पडलेले गाणे गाताना गायक जसा सावध असतो, तशी सावधगिरी त्यात जाणवते आणि ती मला आवडते.

चाहत्यांच्या मनात घर करून असलेली आणखी एक गोष्ट आहे. त्या दोन रात्रींपैकी पहिली २४ नोव्हेंबरची होती, आणि बरोबर दहा वर्षांनी याच तारखेला फ्रेडी गेला. २०२४ च्या जानेवारीत ही मैफल आयमॅक्सच्या पडद्यावर आली, तेव्हा नव्या पिढीतल्या अनेकांनी ती पहिल्यांदा मोठ्या आवाजात ऐकली.

प्रश्न: ‘लाइव्ह किलर्स’विषयी इतकी टोकाची मते का ऐकू येतात?

त्यातले गाणे आणि त्याचे ध्वनिमुद्रण या दोन गोष्टी वेगळ्या काढल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. हा अल्बम १९७९ च्या जानेवारी ते मार्च या काळातल्या युरोप दौऱ्यात, वेगवेगळ्या गावांतल्या वेगवेगळ्या रात्रींतून गोळा केलेला आहे. म्हणजे तो एका मैफलीचा दस्तऐवज नव्हे. एका गाण्यात गळा ताजा असतो आणि पुढच्याच गाण्यात थकलेला, याचे कारण मधे एका श्वासाचे अंतर ऐकू येत असले, तरी प्रत्यक्षात कित्येक दिवसांचे असू शकते. अंतिम मिक्सिंग बँडने स्वित्झर्लंडमधल्या माँत्र्योच्या माउंटन स्टुडिओत स्वतः केले. ते मला कोरडे वाटते. ड्रमचा घाव पुढे आहे, श्रोत्यांचा गलबला वरखाली होतो आणि आवाजाला सभागृहाची खोली मिळत नाही.

तरीही मी हा अल्बम टाकाऊ म्हणणार नाही. १९७९ पर्यंतच्या गाण्यांचा एवढा पसारा दुसऱ्या कोणत्याही अल्बमवर मिळत नाही. ‘स्प्रेड युअर विंग्ज’, ‘ड्रीमर्स बॉल’, ‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’, ‘डेथ ऑन टू लेग्ज’ ही गाणी मैफलीत कशी वाजत होती हे कळायचे असेल, तर येथेच यावे लागते. ‘डेथ ऑन टू लेग्ज’च्या आधी फ्रेडी जे दोन शब्द बोलतो, त्यांवर बीप घातलेला आहे. गाणे पूर्वीच्या व्यवस्थापकावरचा राग ओकणारे होते आणि कायद्याच्या कचाट्यात सापडू नये म्हणून ही काळजी घेतली गेली. ‘वी विल रॉक यू’ची वेगवान आवृत्ती घेऊन मैफल उघडणे ही कल्पना ज्यांनी पहिल्यांदा येथे ऐकली, त्यांना तो धक्का आजही आठवतो. ते गाणे केवळ टाळ्या आणि पाय आपटण्यापुरते आहे असे समजणाऱ्याने ही आवृत्ती आवर्जून ऐकावी.

प्रश्न: ‘लाइव्ह मॅजिक’ घ्यावा का?

पहिला म्हणून घेऊ नये. १९८६ च्या ‘मॅजिक’ दौऱ्यातल्या वेम्बली, बुडापेस्ट आणि नेबवर्थ येथील गाणी एकाच तबकडीवर बसवण्यासाठी त्यांना इतकी कात्री लावली आहे की काही गाणी अर्ध्यावरच आटोपतात. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’तला ऑपेराचा भाग तर मुळातूनच काढलेला आहे.

माझी या बँडशी ओळख याच अल्बमच्या कॅसेटमधून झाली. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या संथ भागानंतर गाणे एकदम जोरकस गिटारवर उडी घेते, हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा टेप मधेच चघळली गेली असावी असे मला वाटले. पेन्सिलीने रीळ गुंडाळून पाहिले, हेड स्पिरिटने पुसले, शेवटी कॅसेट घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने ती स्वतःच्या यंत्रावर लावली, तेथेही गाण्याने तीच उडी घेतली, आणि ‘कंपनीतूनच अशी आलीय’ म्हणून त्याने ती परत माझ्या हातात ठेवली. मूळ गाणे पूर्ण ऐकायला मिळाल्यावरच त्या जागेवरून काय गेले होते हे कळले. म्हणून नव्या श्रोत्याला मी आजही सांगतो की या अल्बमवर मत बनवण्याआधी तीच गाणी वेम्बलीच्या अल्बमवर ऐकून घ्या. नेबवर्थची जी थोडी ध्वनिमुद्रणे यात आहेत, तेवढ्यापुरता मात्र हा अल्बम संग्रही ठेवण्याजोगा आहे. त्याविषयी शेवटी लिहिले आहे.

प्रश्न: वेम्बली की बुडापेस्ट?

दोन्ही मैफली एकाच दौऱ्यातल्या, अवघ्या पंधरा दिवसांच्या अंतराने झालेल्या आणि गाण्यांचा क्रमही जवळजवळ सारखाच. त्यामुळे तुलनेसाठी याहून चांगली जोडी नाही. लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये ११ आणि १२ जुलै १९८६ असे दोन दिवस कार्यक्रम झाले आणि अल्बम दुसऱ्या दिवसाचा, म्हणजे शनिवारचा आहे. शुक्रवारची काही गाणी नंतरच्या आवृत्त्यांत जोडली गेली. बुडापेस्टचा कार्यक्रम २७ जुलैला नेपस्टेडियनमध्ये झाला.

गायनाचा निकष लावला तर फरक फार नाही. वेम्बलीत फ्रेडी घरच्या मैदानावर आहे. प्रत्येक शब्दाला ७० हजारांहून अधिक लोक साथ देतात आणि तो त्या लाटेवर आरूढ होऊन गातो. अल्बम १९९२ च्या मे महिन्यात, त्याच्या निधनानंतर सहाच महिन्यांनी आला, आणि तो हातात पडला तेव्हा ऐकणाऱ्याचे मन कोणत्या अवस्थेत होते हे विसरून त्याच्या लोकप्रियतेचा विचार करता येणार नाही. अनेकांनी तो शोकसभेसारखा ऐकला.

बुडापेस्टचे वेगळेपण अन्य ठिकाणी आहे. त्या काळी पूर्व युरोपात पाश्चात्त्य रॉक बँडने एवढ्या मोठ्या मैदानात गाणे ही दुर्मीळ गोष्ट होती. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’नंतर फ्रेडीने ‘तावासी सेल’ हे हंगेरियन लोकगीत गायला घेतले. ही भाषा त्याची नव्हती, म्हणून शब्द त्याने तळहातावर लिहून घेतले होते. चित्रफितीत तो डावा-उजवा न पाहता हाताकडे पाहतो, एक ओळ म्हणतो, पुन्हा हाताकडे पाहतो, आणि तोवर पुढची ओळ सगळ्या स्टेडियमने उचललेली असते. स्टेडियममध्ये गाण्यात मुरलेला हा माणूस त्या दीड-दोन मिनिटांत शाळकरी मुलासारखा चुकू नये म्हणून धडपडताना दिसतो. केवळ ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला हात दिसत नाही, पण त्याने शब्दांवर दिलेला बारीक दाब ऐकू येतो. एकच घ्यायचा तर वेम्बली घ्यावा. पण हे एक गाणे बुडापेस्टचेच ऐकावे.

प्रश्न: ‘ए-ओ’ हा प्रकार नेमका काय आहे? प्रत्येक अल्बमवर तो वेगळा का वाटतो?

तो श्रोत्यांबरोबरचा सवाल-जवाब आहे. फ्रेडी एक सुरावट टाकतो, श्रोते ती परत करतात. पुढची सुरावट थोडी अवघड, त्यापुढची आणखी अवघड, आणि शेवटी तो अशी काही तान घेतो की हजारो लोक हसून हात टेकतात. आपल्याकडे फडावर ढोलकीच्या साथीने रंगणारा सवाल-जवाब ज्यांनी ऐकला आहे, त्यांना यातली गंमत समजावून सांगावी लागत नाही. हे ठरवून बसवलेले गाणे नसल्यामुळे प्रत्येक रात्री त्याचा आकार बदलतो आणि त्या रात्रीचा गळा कसा होता हे ओळखण्याची ती एक सोपी खूण ठरते. गळा मोकळा असला की तो लांबलचक फिरत घेतो. त्रास असला की छोट्या, ठसकेबाज सुरावटींवर भागवतो.

प्रश्न: मैफलीत फ्रेडी वरचे सूर टाळायचा, हे खरे आहे का?

पुष्कळदा खरे आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. त्याच्या स्वरतंतूंवर गाठी होत्या. १९७५ च्या अमेरिका दौऱ्यातले काही कार्यक्रम गळ्याच्या त्रासामुळे रद्द करावे लागले होते. आठवड्यात चार-पाच रात्री दोन-दोन तास गायचे आणि स्टुडिओत अनेक प्रयत्नांतून निवडलेला प्रत्येक तार स्वर तसाच्या तसा घ्यायचा, हे त्या गळ्याला झेपणारे नव्हते. म्हणून तो कित्येक ठिकाणी मूळ चालीच्या खालची सुरावट घ्यायचा आणि अगदी वरचे सूर ड्रमवादक रॉजर टेलर सांभाळायचा.

पण याकडे केवळ तडजोड म्हणून पाहिले, तर त्यातली कारागिरी निसटते. खालून जाताना तो नेहमी एकाच वाटेने जात नाही. कधी शब्द उशिरा टाकतो, कधी दोन शब्द एकत्र बांधून एका हिसक्यात म्हणतो, कधी आवाजात मुद्दाम खर आणतो, आणि मग अनपेक्षितपणे एखाद्या ओळीला मूळचा वरचा सूर लावून दाखवतो. हा सूर आज लागणार की नाही, या उत्सुकतेने आम्ही एकेक ध्वनिमुद्रण ऐकत आलो आहोत. ख्यालगायकाच्या निरनिराळ्या मैफलींतला तोच राग ऐकताना ज्या जागेची वाट पाहिली जाते, तसेच हे आहे. आवाजाविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे: त्याच्या आवाजाचा अभ्यास करून २०१६ मध्ये युरोपातल्या काही संशोधकांनी लिहिलेल्या निबंधानुसार त्याचा बोलण्याचा आवाज बॅरिटोन, म्हणजे मध्यम-खर्जाकडे झुकणारा होता. तार सप्तकातला हा गायक मुळात खालच्या आवाजाचा माणूस होता, हे लक्षात ठेवून ऐकले की त्या वरच्या सुरांमागचे कष्ट कळतात.

प्रश्न: ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ मैफलीत पूर्ण का गात नसत?

मधला ऑपेराचा भाग स्टुडिओत तिघांचे आवाज थरावर थर चढवून तयार केलेला होता आणि तो रंगमंचावर चौघांनी उभा करणे शक्य नव्हते. म्हणून तो भाग टेपवरून वाजायचा, बँड आत निघून जायचा, दिवे खेळत राहायचे, आणि जोरकस गिटारच्या भागाला सगळे धुरातून पुन्हा बाहेर यायचे. ‘लाइव्ह किलर्स’पासून पुढच्या बहुतेक अल्बमांवर हीच रचना आहे.

ओडियनचे ध्वनिमुद्रण याला अपवाद आहे. १९७५ च्या डिसेंबरात हे गाणे नुकतेच इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते आणि ते मैफलीत कसे बसवावे याचा निर्णय अजून पक्का झालेला नव्हता. तेथे आधीचा संथ भाग येतो, त्यातून गाणे ‘किलर क्वीन’मध्ये वळते, पुढे ‘द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन’मधला तुकडा येतो आणि मग ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा शेवट. टेपचा आधार न घेता गाण्याचे दोन तुकडे करून मधे दुसरी गाणी गुंफण्याची ही पद्धत मला अजूनही अधिक प्रामाणिक वाटते.

प्रश्न: सत्तरच्या दशकातल्या दोन अल्बमांपैकी कोणता घ्यावा?

जमले तर दोन्ही. लंडनच्या फिन्सबरी पार्कमधल्या रेनबो थिएटरचा संच १९७४ च्या मार्च आणि नोव्हेंबर अशा दोन महिन्यांतल्या कार्यक्रमांचा आहे. आठ महिन्यांच्या अंतराने त्याच रंगमंचावर उभा असलेला तोच गायक किती बदलला हे त्यात ऐकता येते. मार्चमधला फ्रेडी ‘ओगर बॅटल’, ‘ग्रेट किंग रॅट’, ‘फादर टू सन’ अशी गुंतागुंतीची गाणी धावत म्हणतो. नोव्हेंबरपर्यंत ‘किलर क्वीन’ लोकप्रिय झालेले आहे आणि त्याला थांबण्याचे, श्रोत्यांना वाट पाहायला लावण्याचे मोल कळलेले आहे. या काळात आवाज पातळ पण धारदार आहे आणि पुढे आलेली जाड, भरदार झाक अजून त्यावर चढलेली नाही.

‘अ नाइट ॲट द ओडियन’ ही २४ डिसेंबर १९७५ ची, बीबीसीने दूरचित्रवाणीवरून आणि रेडिओवरून थेट प्रसारित केलेली मैफल. ती अधिकृतपणे बाहेर येण्याआधी चाळीस वर्षे चोरट्या प्रतींतून चाहत्यांच्या हातांत फिरत होती. प्रतीवरून प्रत काढलेल्या त्या टेपांत फ्रेडीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा ऐकू यायचा. अशा टेपेवर ती ज्याने ऐकली आहे, त्याला २०१५ चे स्वच्छ ध्वनिमुद्रण म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न: ‘क्वीन ऑन फायर’कडे लोक दुर्लक्ष का करतात?

कारण तो ‘हॉट स्पेस’ या फारशा न आवडलेल्या अल्बमच्या दौऱ्यातला आहे. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स येथील ‘बोल’ या मैदानात ५ जून १९८२ रोजी झालेल्या या मैफलीत ‘स्टेइंग पॉवर’, ‘ॲक्शन धिस डे’, ‘बॅक चॅट’ ही नृत्याच्या ठेक्याची गाणी आहेत. पण ज्यांना स्टुडिओतली ‘हॉट स्पेस’ आवडत नाही, त्यांनी हा अल्बम जरूर ऐकावा. ‘स्टेइंग पॉवर’मधल्या पितळी वाद्यांची जागा येथे गिटारने घेतली आहे आणि गाण्यात कणा आला आहे. फ्रेडीचा गळा त्या दिवशी थोडा जाड आहे. जोर मात्र भरपूर आहे.

प्रश्न: अल्बमांची तुलना करण्याची नेमकी पद्धत कोणती?

पूर्ण अल्बम समोरासमोर ठेवू नयेत. एक गाणे निवडावे आणि ते सगळ्या वर्षांतून ऐकत जावे. यासाठी ‘नाऊ आय ॲम हिअर’ इतके सोयीचे गाणे नाही, कारण रेनबोपासून बुडापेस्टपर्यंत ते सर्वत्र आहे. ओडियनमध्ये ते मैफलीचे पहिले गाणे आहे: काळोख, प्रतिध्वनी दिलेला एकटा आवाज, आणि मग एकदम उजेड. ‘लाइव्ह किलर्स’वर तेच गाणे आठ मिनिटांवर लांबते आणि श्रोत्यांना गायला लावण्याचे निमित्त होते. माँट्रियलमध्ये त्याच्या पोटात ‘ड्रॅगन अटॅक’ शिरते आणि मग उरलेले गाणे पूर्ण होते. वेम्बलीपर्यंत येईतो ते लांब गिटारवादनानंतर मैफल पुन्हा हाती घेण्याचे काम करू लागते. जागा बदलली की गाण्याचा स्वभाव बदलतो, हे या एका गाण्यावरून जितके कळते तितके कोणत्याही क्रमवारीतून कळणार नाही.

दुसरे गाणे ‘लव्ह ऑफ माय लाइफ’. मूळ ध्वनिमुद्रणात पियानो आणि हार्प आहेत. मैफलीत गिटारवादक ब्रायन मे बारा तारांची गिटार घेऊन बसतो, पट्टी खाली आणलेली असते आणि फ्रेडी बऱ्याचदा ओळ अर्ध्यावर सोडून देतो, कारण उरलेली ओळ श्रोते म्हणणार हे त्याला माहीत असते. ‘लाइव्ह किलर्स’वर हे पहिल्यांदा ऐकू येते. किती शब्द त्याने म्हटले आणि किती सोडून दिले, हे प्रत्येक अल्बमवर मोजून पाहावे.

प्रश्न: लाइव्ह एडचा स्वतंत्र अल्बम मिळतो का?

मिळत नाही. १३ जुलै १९८५ रोजी वेम्बलीत झालेल्या त्या मदतनिधीच्या कार्यक्रमात अनेक कलाकार होते. क्वीनच्या सुमारे वीस मिनिटांच्या गायनातला बराचसा भाग २०१८ मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या चित्रपटाच्या संगीताच्या अल्बमवर पहिल्यांदा आला. माँट्रियलच्या डीव्हीडीबरोबरही ते चित्रीकरण जोडून दिलेले आहे. त्या दिवशी ध्वनितपासणीला वेळ नव्हता, स्वतःचा प्रकाश नव्हता, आणि गर्दी फक्त क्वीनसाठी आलेली नव्हती; तरीही त्याने ती आपलीशी केली. पण वीस मिनिटांच्या दौडीवरून पूर्ण मैफलीचा अंदाज बांधू नये.

प्रश्न: फ्रेडीच्या पाचगणीतल्या दिवसांचा काही अंश या मैफलींत ऐकू येतो का?

हा प्रश्न मराठी श्रोते हमखास विचारतात आणि विचारावा असाच आहे. झांझिबारमध्ये ५ सप्टेंबर १९४६ रोजी पारशी कुटुंबात जन्मलेला फारुख बलसारा आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला तेथेच मिळाले, पियानोही तेथेच शिकला आणि तेथेच ‘द हेक्टिक्स’ हा शाळकरी बँड निघाला. त्या बँडमध्ये गाणारा मुलगा दुसराच होता. फारुख पियानोवर असे. अमेरिकी रॉक-अँड-रोल गायक लिटल रिचर्डच्या धाटणीची गाणी ही मुले वाजवत.

आता वेम्बलीच्या अल्बमवरचा मधला भाग लावावा. गिटारच्या साथीने ते जुनी रॉक-अँड-रोल गाणी गमतीत म्हणू लागतात आणि त्यांत लिटल रिचर्डचे ‘टुटी फ्रुटी’ येते. त्यात पाचगणीचा थेट धागा आहे असा दावा मी करणार नाही, कारण ती गाणी त्या पिढीतल्या सगळ्याच रॉक गायकांच्या कानांवर पडलेली होती. पण टेबललँडच्या पायथ्याशी एका मुलाच्या बोटांतून जे संगीत पहिल्यांदा निघाले, तेच तो तिशी ओलांडून चाळिशीच्या उंबरठ्यावर, भरल्या स्टेडियममध्ये इतक्या निखळ आनंदाने गातो, हे ऐकताना मला दर वेळी भरून येते.

प्रश्न: ‘रिटर्न ऑफ द चॅम्पियन्स’ किंवा ‘लाइव्ह अराउंड द वर्ल्ड’ यांत फ्रेडी आहे का?

मुख्य गायक म्हणून नाही. पहिला २००५ चा, पॉल रॉजर्स गायक असतानाचा. दुसरा २०२० चा, ॲडम लॅम्बर्टचा. दोघेही चांगले गायक आहेत, पण खरेदी करताना गफलत होते म्हणून येथे नोंद केली.

प्रश्न: अजून कोणत्या मैफली प्रसिद्ध व्हायला हव्यात?

चाहत्यांच्या यादीत १९७६ ची हाइड पार्क, १९७७ ची अर्ल्स कोर्ट आणि ह्यूस्टन ही नावे नेहमी असतात. ‘लाइव्ह किलर्स’च्या आधीच्या दोन-तीन वर्षांतला, म्हणजे गळा पूर्ण बहरात असतानाचा संपूर्ण मैफलीचा अल्बम आजही नाही, ही उणीव मोठी आहे.

माझी स्वतःची मागणी मात्र नेबवर्थची आहे. ९ ऑगस्ट १९८६ रोजी तेथे लाखाहून अधिक लोकांसमोर झालेली मैफल फ्रेडीची क्वीनबरोबरची अखेरची ठरली, आणि तिची अधिकृत ध्वनिमुद्रणे म्हणून आपल्या हाती ‘लाइव्ह मॅजिक’वरची ती कापलेली मोजकी गाणीच आहेत. ज्या कॅसेटवर रागावून मी दुकानात गेलो होतो, ती अजून माझ्या कपाटात त्याच कारणासाठी आहे.